आळीतून सुसाट जाणाऱ्या गाड्यांचं काय करायचं? कोकणात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

अर्ज लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: घरासमोरचा रस्ता कुणाचा आहे? मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो. तिथे सगळं खापर महापालिकेवर फोडता येतं. कोकणात दोन किलोमीटरच्या रस्त्याला तीन मालक निघतात आणि तुमचा कागद चुकीच्या मालकाकडे गेला, तर तो टेबलावरून टेबलावर फिरत पावसाळ्यापर्यंत पोचतो. मग "आता पावसात काय करणार" हे उत्तर तयारच असतं.

ढोबळ विभागणी अशी. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, मालवण, सावंतवाडी इथे नगरपरिषद आहे. दापोली, गुहागर, लांजा, कणकवली, कुडाळ इथे नगरपंचायत. आळीतले, पेठेतले आतले रस्ते बहुतेक त्यांच्याकडे. गावातून आरपार जाणारा मोठा रस्ता मात्र राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असू शकतो. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. वाड्यांकडे जाणारे ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. मुंबई-गोवा महामार्ग ६६ आणि रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा १६६ हे राष्ट्रीय महामार्ग, त्यांचा कारभार आणखी निराळा.

आणि पत्त्यावर जाऊ नका. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे यांच्या पत्त्यात रत्नागिरी येतं, पण तिथे ग्रामपंचायती आहेत. फ्लॅट घेताना "शहरातच आहे" असं सांगितलेलं असतं. घरपट्टीची पावती बघा, कुणाच्या हद्दीत आहात ते तिच्यावर छापलेलं आहे. रस्त्याचा प्रकार ओळखायचा असेल तर मैलाचा दगड शोधा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडच सापडला नाही तर सगळ्यात सोपं: गेल्या वर्षी खड्डे कुणी भरले ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. ते त्याला नक्की ठाऊक असतं, कारण तेव्हा खडी त्याच्याच दारात पडलेली होती.

वेग मोजा, अंदाज सांगू नका

"ऐंशीने जातात हो!" हे प्रत्येक तक्रारीत असतं आणि म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच म्हटलंय, की एका साक्षीदाराला वाटलं गाडी जोरात होती, एवढ्यावर वेगमर्यादेच्या गुन्ह्यात शिक्षा होत नाही. त्यामागे यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचं मोजमाप लागतं. तुमच्याकडे स्पीडगन नाही आणि तुम्हाला कुणाला शिक्षाही करायची नाही. अधिकाऱ्याने जागेवर येऊन बघावं इतपत आकडे हातात असले की पुरे.

त्यासाठी रस्त्याकडेला ५० मीटर अंतर टेपने मोजा. एका टोकाला विजेचा खांब, दुसऱ्या टोकाला गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, खडूची खूण. मोबाइलच्या घड्याळावर वेळ लावायची. ६ सेकंद लागले तर गाडी ताशी ३० किलोमीटरने गेली, साडेचार लागले तर ४०ने, ३ लागले तर ६०ने. काही दिवस सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा-अर्धा तास बसा. वही करा: वेळ, गाडीचा प्रकार, सेकंद. माणसांचे फोटो काढत बसू नका, त्यावरून भांडणं होतात.

वहीत हळूहळू कळतं की सगळेच सुसाट नसतात. कुठे सकाळी साडेसहाच्या दुधाच्या टेम्पोचा प्रश्न असतो, कुठे चिरेखाणीकडे (जांभ्या दगडाच्या खाणीकडे) रिकाम्या परतणाऱ्या ट्रकचा. भरलेला ट्रक उतारावर जपून येतो. खेप टाकून रिकामा परतणारा मात्र पुढच्या खेपेच्या घाईत असतो. मालवणसारख्या ठिकाणी भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक असतात, त्यांना पुढच्या वळणावर रस्ता अचानक अरुंद होतो हे माहीत नसतं. अलिबागकडे मुंबई-मांडवा रो-रो (गाड्याही नेणारी बोट) २०२० मध्ये सुरू झाली तेव्हापासून गाड्यांचे लोंढे बोटीच्या वेळेप्रमाणे येतात. कारण वेगळं, तसा उपायही वेगळा, म्हणून ही वही महत्त्वाची. दोन-तीन शेजाऱ्यांना मोजायला बरोबर घेतलंत तर आकड्यांवर सह्या घेणं सोपं जातं.

स्पीडब्रेकर हाच उपाय धरून बसू नका

नवीन माणूस नेमकं इथे घसरतो. अर्जाचा विषय लिहितो, "गतिरोधक बसवणेबाबत". अभियंता येतो, बघतो, "इथे नियमात बसत नाही" असा शेरा मारतो आणि विषय संपतो. त्याऐवजी "भरधाव वाहनांमुळे होणारा धोका आणि त्यावर उपाययोजना, स्थळपाहणीची विनंती" असं लिहा. उपाय काय करायचा ते पाहणीत ठरू दे, पण पाहणीच्या दिवशी तुम्ही तिथे हजर असलं पाहिजे आणि तुम्हाला पर्याय माहीत असले पाहिजेत.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. गाडी त्यावरून ताशी २५च्या आसपास वेगाने, न आपटता जाते. आता तुमच्या गावातले स्पीडब्रेकर आठवा. उरलेलं डांबर ओतून केलेला, फूटभर रुंद, वीतभर उंच टेकाड. त्यावर दुचाकीच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आजी उडते, कारची तळाची पट्टी घासते, आणि मोटारसायकलवाला कडेच्या मोकळ्या फटीतून तसाच निघून जातो. म्हणजे ज्याच्यासाठी घातला तो सुटला. लोकांनी वर्गणी काढून सिमेंटचे बांध घातलेलेही मी पाहिलेत. तसं करू नका. परवानगी नसलेल्या बांधावर कुणी पडलं तर पोलिस आधी घालणाऱ्याला शोधतात.

कोकणात आणखी तीन अडचणी असतात, त्या देशावरून आलेल्या कंत्राटदारालाही समजावून सांगाव्या लागतात. एक, पाणी. किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक आळ्यांमध्ये पावसाचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं. आडवा गतिरोधक गटारापर्यंत नेला की वरच्या बाजूला तळं साचतं आणि जुलैत ते पाणी कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरतं. मग तोच शेजारी पहार घेऊन गतिरोधक फोडतो. गटाराच्या तोंडाशी पाण्याला वाट ठेवायला सांगा, पण दुचाकी निघेल एवढी रुंद नको. दोन, चढ. घाटीच्या मधोमध गतिरोधक म्हणजे चढणारी भरलेली रिक्षा मागे घसरणार आणि उतरणारी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारणार. तो उताराच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर, सपाटीवर हवा. तीन, वळण. जांभ्याच्या गडग्याआड वळण संपता संपता गतिरोधक आला तर अपघात थांबत नाही, नवा घडतो. वळणाच्या अलीकडे, दिसेल असा हवा, त्याच्या आधी ४० मीटरवर इशारा फलक हवा, आणि वर काळे-पांढरे पट्टे.

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागूच नका, केंद्राचं धोरण ते काढून टाकण्याचं आहे. तिथे रंबल स्ट्रिप (चाकांना खडखड जाणवणारे उंचवटे), थर्मोप्लास्टिकचे आडवे पांढरे पट्टे, कॅट आय (रात्री चमकणारे खिळे), ब्लिंकर (लुकलुकणारे दिवे) असे उपाय मिळतात.

आणि स्वस्तातले उपाय विसरू नका, ते लवकर होतात. तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, बहिर्वक्र आरसा. रस्त्यावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटणं, म्हणजे समोरचं दिसेल. बंद पडलेला पथदिवा. पांढरी कडरेषा, कारण रस्ता डोळ्यांना अरुंद दिसला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, जिथे रस्त्याला येऊन मिळते तिथे मुलं धावत खाली उतरतात. अशा तोंडाशी लोखंडी आडवा दांडा बसवला की पोर रस्त्यावर येण्याआधी थांबतं. माझ्या मते कोकणातल्या निम्म्या तरी जागी गतिरोधकापेक्षा आरसा आणि कोयता जास्त काम करतात.

वेगमर्यादेचा फलक: नुसती पाटी आणि कायदेशीर पाटी

२०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० आणि दुचाकीची ६० आहे. हो, तुमच्या दोन रिक्षा समोरासमोर न मावणाऱ्या आळीतसुद्धा, जर तिथे वेगळी मर्यादा घातलेली नसेल तर. म्हणजे ५०ने गेलेली कार कागदोपत्री वेगमर्यादेत असते, मग तुम्ही कितीही ओरडा.

म्हणून मर्यादा कमी करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागासाठी कमी वेग ठरवू शकतो. कलम ११५ खाली अवजड वाहनांना ठराविक रस्त्यावर किंवा वेळेत बंदी घालता येते. ११६ खाली फलक लावले जातात. त्यामागे अधिसूचना किंवा आदेश असेल तरच दंड होतो. नगरसेवकाच्या वाढदिवसानिमित्त लावलेली "वाहने सावकाश चालवा" ही पाटी म्हणजे विनंती. तिला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. डंपरचा त्रास असेल तर मी गतिरोधकाच्या मागे न लागता शाळेच्या वेळेत अवजड वाहनांना बंदी मागेन. असा आदेश निघाला की अंमलबजावणी सोपी, कारण डंपर तिथे दिसला एवढंच पुरतं, वेग मोजावा लागत नाही.

अर्ज, पोच आणि पाठपुरावा

अर्ज एका पानाचा. नगरपरिषदेत तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, बांधकाम विभागाच्या रस्त्यासाठी उपअभियंत्यांच्या नावे, ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे. मजकूर साधारण असा:

"प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय: अमुक आळी ते अमुक तिठा या रस्त्यावरील भरधाव वाहनांबाबत स्थळपाहणी व उपाययोजना. महोदय, सदर रस्ता सुमारे इतके मीटर लांब असून त्यावर प्राथमिक शाळा व मंदिर आहे. पदपथ नाही. आम्ही रहिवाशांनी सकाळी व सायंकाळी वाहनांचा वेग मोजला, त्याचा तक्ता सोबत जोडला आहे. अमुक वळणावर समोरचे वाहन दिसत नाही, छायाचित्र जोडले आहे. तरी आपल्या अभियंत्यांनी व वाहतूक पोलिसांनी संयुक्त पाहणी करावी व पाहणीची तारीख आम्हांस कळवावी, ही विनंती."

"संयुक्त पाहणी" हे दोन शब्द सोडू नका. नगरपरिषद म्हणते पोलिसांचं ना हरकत हवं, पोलिस म्हणतात रस्ता नगरपरिषदेचा. दोघं एकाच वेळी जागेवर उभे राहिले की हा टोलवाटोलवीचा खेळ संपतो. प्रत वाहतूक शाखेला, पोलिस ठाण्याला आणि प्रभागाच्या नगरसेवकाला द्या.

अर्ज आवक विभागात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. ओळखीच्या माणसाच्या हातात "देतो साहेबांना" म्हणून सोपवलेला अर्ज सरकारी दृष्टीने अस्तित्वातच नसतो. महिनाभर काही हललं नाही तर आवक क्रमांक घेऊन जा. तरीही शांतता असेल तर तीन दारं आहेत. राज्य शासनाच्या आपले सरकार पोर्टलवर तक्रार. माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, ३० दिवसांत उत्तर, त्यात भांडण करू नका, फक्त "आवक क्रमांक अमुकवर आजवर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी" एवढंच. आणि जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी.

याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलिस, आरटीओ, बांधकाम विभाग, महामार्ग असे सगळे तिच्यात एका टेबलाशी बसतात. रस्त्याचे मालक दोन असतील किंवा आधी अपघात झालेला असेल तर अर्जाची प्रत तिथेही द्या. एक खुलासा: "ब्लॅक स्पॉट जाहीर करा" अशी मागणी लोक करतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी त्याची व्याख्या कडक आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. आळीतल्या रस्त्याला ही मोजपट्टी लावून घेऊ नका. तेवढं व्हायची वाट कशाला बघायची?

वाडीतली बोलणी

आता नाजूक भाग. सुसाट जाणारे बहुतेक ओळखीचेच असतात. दहावीच्या क्लासला जाणारी पोरं, वडापवाला, आणि गणपती-शिमग्याला मुंबईहून नवी गाडी घेऊन आलेला कुणाचा तरी मुलगा. तुम्ही नवे. तुम्ही थेट पोलिसांत गेलात तर "आले मोठे शहाणे, चार दिवस झाले नाहीत" हे ऐकावं लागेल, आणि सह्या द्यायला कुणी येणार नाही.

आधी शेजारच्या जुन्या घरात जा. काका-काकूंना विचारा, त्यांनाही त्रास होतोच, फक्त कुणी विषय काढलेला नसतो. मग वाडीच्या बैठकीत विषय मांडा, आणि तो मांडायला शक्यतो जुन्या माणसाला सांगा. अर्जावर पहिली सही गावकराची (गावच्या मानकऱ्याची) किंवा देवस्थानच्या एखाद्या विश्वस्ताची असू दे, तुमची पाचवी-सहावी चालेल. रिक्षा स्टॉपवर जाऊन रिक्षावाल्यांशी बोला. त्यांना खराब स्पीडब्रेकरचा सगळ्यात जास्त जाच होतो, तेव्हा मानकाप्रमाणे करून घ्यायला ते तुमच्या बाजूने येतात. पालखी कुठून जाते, विसर्जनाचा ट्रक कुठे वळतो, हेही बैठकीतच कळतं. पालखीच्या वाटेत लोखंडी खांब मागितलात तर अर्ज तिथेच मेला.

अल्पवयीन मुलांबद्दल आईबापांशी बोलताना आवाज चढवायची गरज नाही, आकडा सांगा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ प्रमाणे मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. बहुतेक घरांत त्या रात्री किल्ली कपाटात जाते.

वारंवार, धोकादायक रीतीने चालवणारा एखादा असेल तर मात्र गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून वाहतूक शाखेला द्या. धोकादायक वाहन चालवण्याला कलम १८४ आहे, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. प्रत्यक्ष धोका समोर असेल तर ११२ फिरवा. राष्ट्रीय महामार्गावरची अडचण १०३३ वर.

केव्हा काय

जून ते सप्टेंबर डांबराचं काम होत नाही, रंगही टिकत नाही. त्या काळात मोजणी, बैठक, फांद्या, पथदिवे उरकून घ्या. गणपतीच्या आधी पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. एकेरी वाहतूक, पार्किंग, चाकरमान्यांच्या गाड्या हे सगळं तिथे बोललं जातं आणि लगेच अमलात येतं. तिथे तुमच्या आळीचा विषय घालायला सांगा.

अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेला बरा. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास सभेत येतं, त्याआधी पाहणी आणि शेरा झालेला असला तर खर्चाची तरतूद मागता येते. ग्रामपंचायत असेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि ठरावाची नक्कल लगेच मागा.

काम सुरू होईल त्या दिवशी घरी थांबा. कंत्राटदाराच्या माणसाला लांबी-रुंदी कुणी सांगितलेली नसते, तुमच्याकडे ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर लिहिलेला कागद आणि टेप असू दे. रंग त्याच आठवड्यात हवा. काळं टेकाड रात्री पट्ट्यांशिवाय दिसत नाही, आणि नवा गतिरोधक पहिल्या काही रात्रीच सगळ्यात धोकादायक असतो. पट्टे होईपर्यंत दोन्ही बाजूंना चुना लावलेले चिरे ठेवा.

पावसाळा उलटला की रंग जातो, तेव्हा दर ऑक्टोबरात दोन ओळींचा अर्ज द्यावा लागतो. आणि पुढे कधी त्या रस्त्याचं नव्याने डांबरीकरण निघालं, तर काम सुरू होण्याआधी अभियंत्याला गाठून गतिरोधक, पट्टे आणि फलक अंदाजपत्रकात धरले आहेत का ते विचारा. धरले नसतील तर नव्या थराखाली तुमचा गतिरोधक गाडला जातो, रस्ता गुळगुळीत होतो, आणि गाड्या आधीपेक्षा जोरात जायला लागतात.